ज्युनियरसोबत पेअर प्रोग्रामिंग करताय? या चुका टाळा

"दे इकडे, मी पटकन दाखवतो." सिनियरच्या तोंडून हे वाक्य गेलं की पेअरिंग, म्हणजे दोघांनी मिळून एकच कोड लिहिणं, तिथेच संपलं. पुढचा तासभर फाइली धडाधड उघडतात-मिटतात आणि ज्युनियर शेजारी बसून मान डोलावतो. फीचर होतं, शिकणं होत नाही. मीही बरीच वर्षं हेच केलंय.

टाइप करणारा ड्रायव्हर, पुढचं बघणारा नॅव्हिगेटर. नवखा सोबत असेल तर कीबोर्ड बहुतेक वेळ त्याच्याकडे ठेवा. लॅपटॉपही त्याचाच, शॉर्टकट त्याचेच.

मात्र कीबोर्ड देऊन "39व्या ओळीवर जा, कंस टाक, सेव्ह कर" असं चालू केलंत तर तो शुद्धलेखनाचा तास झाला. "इथे तारीख रिकामी आली तर?" एवढंच विचारा. अडला तर फंक्शनचं नाव सांगा. ओळ दाखवायची ती अगदी शेवटी.

सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं. आमच्या एका रिपोर्टमध्ये 1 एप्रिलच्या नोंदी 31 मार्चला पडत होत्या, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात. मला कारण लगेच दिसलं: जावास्क्रिप्टमध्ये तारीख इथल्या मध्यरात्रीची बनवली होती आणि सर्व्हरला पाठवताना टू-आयएसओ-स्ट्रिंग हे तारखेचा मजकूर बनवणारं फंक्शन लावलं होतं. ते यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बोलतं. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपले रात्रीचे 12 म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे 18:30. जीभ चावून बसलो. सोबतच्या मुलीने आधी डेटाबेसवर संशय घेतला, मग क्वेरीवर. दहाएक मिनिटांनी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये तिला 18:30 दिसलं आणि ती स्वतःशीच म्हणाली, "अरे, साडेपाच तास!" पुढच्या आठवड्यात तसलाच बग दुसऱ्या मॉड्यूलमधून तिने मला न विचारता काढला.

"कळलं का?" हा प्रश्न तर बादच करा. त्याचं उत्तर "हो सर" हेच येतं, कळलेलं असो वा नसो. त्याऐवजी "आता तू मला समजाव" म्हणा. किंवा पिंग-पाँग खेळा: फेल होणारी टेस्ट तुम्ही लिहायची, ती त्याने पास करायची, पुढची टेस्ट त्याने लिहायची. यात डुलकी काढायला जागाच नाही.

घरून काम असेल तर नुसती स्क्रीन शेअर करणं म्हणजे सिनेमा दाखवणं. व्हीएस कोड या एडिटरचं लाइव्ह शेअर घ्या, दोघांनाही लिहिता येतं. तासाभरात एकदा चहाला उठा. कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, को-ऑथर्ड-बाय लिहून त्याचंही नाव टाका. आणि अप्रेझलचा विषय त्या खुर्चीत काढू नका. एकदा काढलात की तो चुका लपवायला लागतो.

संध्याकाळी रिलीज असेल आणि प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरत असलेली सिस्टीम, पेटलेलं असेल, तर सरळ सांगा, "आज मी करतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमिट उघडून त्याच्याकडून वाचून घ्या.