गोष्ट दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल ठेवा

आमच्या वाचनगटात नवीन आलेलं माणूस पहिल्या महिन्याभरात एक प्रश्न विचारतंच: "हे प्रतीक आहे, हे तुम्हाला कळतं कसं?" हा प्रश्न मला फार जवळचा आहे. शाळेत मीही रूपक, प्रतीक, उपरोध यांच्या व्याख्या घोकल्या होत्या. पेपरात मार्क मिळाले, पण कथा वाचताना त्यातलं काही म्हणता काही आठवायचं नाही. पुढे माझ्यापुरती एक रीत सापडली, ती सांगते.

गोष्ट पहिल्यांदा वाचाल तेव्हा पेन्सिल लांब ठेवा. निव्वळ वाचा. दुसऱ्या वाचनात मात्र, जिथे आपल्याला काहीतरी झालं तिथे खूण करा: गलबललं, संशय आला, मागचं पान उलटून बघावंसं वाटलं. खुणेशेजारी लगेच संज्ञा लिहू नका. एवढंच लिहा, "इथे लेखकाने काय केलं?"

गटासाठी मी एक छोटा प्रसंग लिहून ठेवला आहे:

मुलगा जुनं घर विकायला येतो. कुलपात किल्ली फिरत नाही. तो गुडघ्याने दार जरासं वर उचलतो, मग फिरते. कागदपत्रं, मोजणी, व्यवहाराची बोलणी, सगळं तो कोरडेपणाने उरकतो. शेवटी किल्ली नव्या मालकाच्या हातावर ठेवतो. मालक खटपट करतो, कुलूप उघडत नाही. मुलगा बाजूला उभा राहून बघतो आणि काही सांगत नाही.

बहुतेक सगळे शेवटच्या वाक्याला खूण करतात. मग मी म्हणते, आता मागे जा. या वाक्याला बळ कुठून आलं? गुडघ्यातून. सुरुवातीला सहज येऊन गेलेला तपशील पुढे कामाला आला, हीच पूर्वसूचना. रशियन लेखक चेखवने १८८९ साली एका पत्रात लिहिलं होतं की बंदूक झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. वाचकाने तेच उलट बाजूने वापरायचं: एखाद्या वस्तूवर लेखक गरजेपेक्षा जास्त रेंगाळला, तर ती लक्षात ठेवायची.

प्रतीक ओळखायला मी दोन गोष्टी तपासते. वस्तू पुन्हा येते का, आणि आल्यावर तिचा अर्थ बदललेला असतो का? पहिल्यांदा ते नुसतं अडकणारं कुलूप होतं. दुसऱ्यांदा, त्या घराशी मुलाचं जे नातं आहे आणि जे विकता येत नाही, ते तिथे उभं राहिलं. जुन्या कुलपाऐवजी नवंकोरं कुलूप घालून बघा, गोष्ट कोसळते. वस्तू काढून गोष्टीला काहीच फरक पडत नसेल, तर दिव्याला दिवाच राहू द्या. प्रत्येक पावसात अश्रू शोधणाऱ्या वाचनाने कथेचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

मालकाला दाराची खोड ठाऊक नाही, आपल्याला आहे. पात्रापेक्षा वाचकाला जास्त माहीत असणं, हा नाट्यात्म उपरोध. प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लीसचा राजा ईडिपस आधीच्या राजाच्या खुन्याला शाप देतो, आणि खुनी तो स्वतःच असतो. ग्रीक प्रेक्षकांना दंतकथा आधीच ठाऊक होती, म्हणून तो शाप ऐकताना त्यांच्या अंगावर काटा येत असणार.

आता पात्रं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली एकपेडी (एकाच गुणाभोवती फिरणारी) आणि बहुपेडी (अनेक बाजू असलेली) पात्रांमधला फरक मांडला. बहुपेडी पात्राची त्याची कसोटी मी रोज वापरते: ते आपल्याला चकित करतं का, आणि तरीही पटतं का? मुलगा गप्प राहतो, ते चकित करतं आणि पटतंही. दाराला मिठी मारून रडला असता तर चकित केलं असतं, पण पटलं नसतं. मालक मात्र एकपेडी आहे, आणि तो तसाच हवा. त्याला बालपण, दुःख वगैरे दिलं असतं तर आपली नजर मुलावरून हलली असती.

नायक म्हणजे चांगला माणूस, ही समजूत आधी सोडा. ज्याच्या इच्छेमागे गोष्ट चालते तो नायक. त्या इच्छेच्या आड येतो तो प्रतिनायक, मग तो दुष्ट असो वा नसो. मुलाला घर विकून मोकळं व्हायचं आहे. त्याच्या आड कोण येतं? तो स्वतःच.

सगळ्यात जास्त वेळ निवेदकाला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला, द्या. हाच प्रसंग मुलाच्या तोंडून सुरू करून बघा: "मला त्या घराचं कधीच काही वाटलं नाही." शब्द एक सांगतात, गुडघा दुसरंच सांगतो. अमेरिकन समीक्षक वेन बूथने १९६१ साली अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक म्हटलं. तो नेहमी खोटारडा असतो असं नाही. कित्येकदा त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं. पकडायचं कसं? तो काय बोलतो आणि काय करतो हे शेजारी शेजारी ठेवा. कुठे विनाकारण खुलासे देतो, कुठे घाईने पुढे सरकतो, इतर पात्रं त्याच्याशी कशी वागतात, ते बघा.

उपमा, फ्लॅशबॅक वगैरे सरावाने आपसूक दिसायला लागतात, त्यांची काळजी नको. सुरुवात दोन-तीन पानी कथेने करा, कादंबरीने नको.

मागे एकदा गटातल्या एका मुलीने शेवटचं वाक्य सोडून "गुडघ्याने" या एकाच शब्दाला खूण केली होती. शेजारी लिहिलं होतं, "हाताने का नाही?" जरा वेळाने तिनेच उत्तर दिलं: लहानपणी त्याचे दोन्ही हात भरलेले असणार, तेव्हाची सवय. प्रसंग मी लिहिला होता, पण हे मला सुचलं नव्हतं.