सबवूफरचा बॉक्स करताय? मोजायचा टेप आतून लावा आणि या चुका टाळा

‘गाडीत बेससाठी १२ इंची वूफर घेतलाय, बॉक्स केवढा करू?’ या प्रश्नाला उत्तर नाही. १२ इंच हे वूफरच्या तोंडाचं माप. त्याच्या मागे किती हवा लागते, ते त्यावरून कळत नाही. एकाच कंपनीचे दोन १२ इंची वूफर घ्या, एकाचं २५ लिटरमध्ये भागतं आणि दुसरा ४० मागतो. माहितीपत्रकावर एफएस (वूफर स्वतःहून किती हर्ट्झवर घुमतो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे) आणि व्हीएएस (वूफरच्या स्प्रिंगइतकीच ताठ असणारी हवा, लिटरमध्ये) हे आकडे असतात, बॉक्सचं माप त्यांच्यावर ठरतं. लोक तो कागद पॅकिंगबरोबर फेकतात आणि मग सुताराला विचारायला जातात. सुतार त्याच्याकडे उरलेल्या प्लायच्या हिशेबाने माप सांगतो, त्यात त्याचा काय दोष? कागदाचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा.

पण सगळ्यात जास्त वूफर मारते ती चूक म्हणजे बाहेरून घेतलेलं माप.

एका पोराची स्विफ्ट आली होती. तक्रार अशी की बेस नुसता घुमतो, खाली काहीच नाही, आणि आवाज वाढवला की जळका वास येतो. आधी कोणीतरी सांगितलं म्हणून अ‍ॅम्प बदलला होता, मग वायरिंग बदललं होतं. टेप मात्र कोणी लावला नव्हता. कागदावर पोर्टेड बॉक्ससाठी, म्हणजे हवा ये-जा करायला वाट (पोर्ट) ठेवलेल्या बॉक्ससाठी, ५० लिटर निव्वळ जागा आणि ३४ हर्ट्झ ट्यूनिंग, म्हणजे पोर्ट ज्या सुरावर घुमतो तो सूर, दिलेलं. बॉक्स ५० बाय ४० बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ५० लिटर, पण बाहेरून! १८ मिलिमीटरचा प्लाय दोन्ही बाजूंनी धरला की प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर जातात. आत उरले ३६ लिटर. त्यातून पोर्टचा स्लॉट, म्हणजे लांबट फट, त्याच्या फळीसकट ९ लिटर खाऊन बसलेला, वूफरच्या मॅग्नेटने आणखी ३ घेतलेले. राहिली २४ लिटर हवा, मागितलेल्याच्या निम्म्याहून कमी.

पोर्ट तोच ठेवून बॉक्स लहान केला की ट्यूनिंग वर सरकतं. इथे ते ३४ वरून ४९ हर्ट्झच्या आसपास गेलं होतं. ट्यूनिंगच्या खाली बॉक्समधली हवा कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, आवरत नाही, तो मोकाट हलतो. हा पठ्ठ्या ३५ हर्ट्झचा बेस मिळावा म्हणून बूस्टची बटणं फिरवत होता, म्हणजे नेमका तिथेच जोर लावत होता जिथे कोनला कोणी धरणारं नव्हतं. कोनमागची तारेची कॉइल भाजणारच.

कॉइल बदलून आणायला लावली. स्लॉटचं तोंड प्लायच्या पट्टीने बंद केलं, कडेने सिलिकॉन फिरवलं. स्लॉटमधली हवा बॉक्सला परत मिळाली, साधारण ३१ लिटरचा सील्ड, म्हणजे पूर्ण हवाबंद, बॉक्स तयार झाला, आणि त्या वूफरला सील्डमध्ये तेवढीच जागा हवी होती. त्या पोराला पोर्टच पाहिजे होता, तोंड वाकडं करून गेला. वूफर अजून चालतोय.

माझी सवय हिशेब उलटा करायची. आधी निव्वळ लिटर, त्यात वूफर, पोर्ट आणि आधाराच्या पट्ट्या मिळवायच्या, त्यावरून आतली मापं काढायची आणि शेवटी प्लायची जाडी. बॉक्स बंद करण्याआधी आतल्या भिंतीवर निव्वळ लिटर आणि ट्यूनिंग मार्करने लिहून ठेवतो. पुढे जो उघडेल तो दुवा देईल.

सील्ड बॉक्स त्या मानाने समजूतदार. समजा क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा, क्यूटीएसने गुणा. येणारा आकडा जितका मोठा, तितका बेस घुमतो. ४० लिटरला ०.७१ येतं, २० लिटरला ०.९. पुस्तकं ०.७१ चांगलं म्हणतात. बंद गाडी खालचा बेस स्वतःच उचलून धरते, त्यामुळे हॅचबॅकमध्ये मी ०.८, अगदी ०.९ सुद्धा चालवून घेतो. १ च्या वर गेलात की एकाच सुरावर घूं-घूं. मग कोणीतरी सांगतं, उशीतला पॉलिस्टरचा कापूस भर. भरा, थोडा फरक पडेल, पण २० लिटरचे ४० होत नाहीत.

उलट, ‘मोठा बॉक्स, मोठा बेस’ हेही खरं नाही. सील्ड फार मोठा केला की हवेची स्प्रिंग ढिली पडते आणि कोन कमी पॉवरवरच हद्द ओलांडतो.

एकाच कप्प्यात दोन वूफर, तर लिटरही दुप्पट. सांगायची गरज पडू नये, पण पडते.

सीटच्या पाठीमागे तिरका बॉक्स करताना वरची आणि खालची खोली मोजून सरासरी घ्या, नुसती खालची नको.

मॅग्नेटच्या मागे छिद्र असेल तर भिंतीपासून दोन-तीन बोटं जागा सोडा.

सील्डमध्ये कोन हलक्या हाताने दाबा, थोडा वेळ धरा आणि सोडा. सावकाश परत आला तर ठीक, झटकन आला तर कुठेतरी हवा गळतेय. कॉर्नरला सिलिकॉन लावून रात्रभर सुकू द्यायला सांगितलं तर लोकांच्या जिवावर येतं, संध्याकाळीच गाडी घुमायला हवी असते.

सीएनजीवाल्यांनी टाकीच्या बाजूच्या फटीत १२ इंची कोंबू नये. ८ इंची घ्या, नाहीतर सीटखाली बसणारा तयार सब घ्या. बाकीच्यांनी प्लाय कापण्याआधी बाहेरच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करून आठवडाभर डिकीत ठेवावं. सामान बसतं का, सीट मागे झुकते का, आणि मुख्य म्हणजे स्टेपनी निघते का ते बघा. नाहीतर पंक्चर झाल्यावर वायरी सोडवून पंधरा-सोळा किलोचा बॉक्स हायवेच्या कडेला उतरवत बसाल.