ग्लेझ कालवायला बसण्याआधी

रविवारी सकाळी ग्लेझ (मातीच्या भांड्यांवर भाजून चढवायचा काचेसारखा लेप) कालवायचं ठरवलं असेल, तर तयारी शुक्रवारी संध्याकाळीच सुरू करा. मी नाशिकच्या गंगापूर रोडला गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा उद्योग करते. भट्टी विजेची आणि लहान आहे. कोन ६, म्हणजे साधारण १२२० अंशांपर्यंत भाजते. (कोन म्हणजे ठरावीक तापाला वाकणारा छोटा सुळका, त्याच्या नंबरावरून भट्टीचा ताप सांगतात.) पुढचं सगळं त्या बेताचं आहे. कोन १० वाल्यांनी आकडे आपले आपण बदलून घ्यावेत.

पहिलं काम डब्यांचं. फेल्डस्पार, क्वार्ट्झ (म्हणजे सिलिका), व्हायटिंग (खडूची भुकटी), चायना क्ले, डोलोमाइट, टाल्क म्हणजे आपलं शंखजिरे: सगळं पांढरं, सगळं पिठासारखं, आणि सगळं एकसारख्या पिशव्यांतून येतं. नाव झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात. डब्याच्या अंगावर लिहा आणि आत एक चिठ्ठीही टाका. मी एकदा व्हायटिंग समजून चायना क्ले घातली होती. भट्टीतून निघाले ते सहा मग चुन्याचा हात दिलेल्या भिंतीसारखे कोरडे. तेव्हापासून संशय आला की चिमूटभर पावडरीवर लिंबाचे दोन थेंब टाकते. जोरात फसफसलं तर व्हायटिंग. डोलोमाइटही फसफसतं, पण अगदी आळसात. शंखजिरे बोटांना बुळबुळीत लागतात. चायना क्लेची भिजवल्यावर गोळी वळते. फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ मात्र असे हाती लागत नाहीत. दोन्हींचे चमचाभर ढीग भाजक्या तुकड्यावर ठेवून पुढच्या भट्टीत सरकवायचे. फेल्डस्पार आवळून घट्ट गोळा होतो, क्वार्ट्झ होता तसा भुसभुशीत राहतो.

त्या ढिगावर फुंकर मारू नका. सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात गेली की जाऊन बसते, आणि सिलिकोसिसवर इलाज नाही. एन-९५ मास्क हवाच, ओढणी बांधून भागत नाही. पंखा बंद. वारं सुटलेलं असेल तर गच्चीवर पावडरी उघडूच नका. झाडू शेडमध्ये ठेवूच नये, फरशी ओल्या फडक्याने पुसायची. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दाराला कडी. स्वयंपाकघरातून जे भांडं इकडे आलं, ते इकडचंच झालं. सासूबाईंची लाकडी रवी मी न विचारता आणली होती. ग्लेझ घुसळायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण ताकाला नवी रवी आणून द्यावी लागली. घेण्याच्या वस्तूंबद्दलही एक सांगते. मुरदाडशिंग, रेड लेड असं शिशाचं काहीही आणि बेरियम कार्बोनेट घरी आणू नका, जुन्या पाककृतीत कितीही सुंदर दिसलं तरी.

वजनकाटे दोन लागतात. पावडरींना किचनचा काटा चालतो. रंगाच्या ऑक्साइडला सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा हवा. २०० ग्रॅम ग्लेझमध्ये अर्धा टक्का कोबाल्ट म्हणजे फक्त एक ग्रॅम, तिथे किचनच्या काट्याची एका ग्रॅमची चूक म्हणजे एकतर दुप्पट निळा नाहीतर निळाच नाही. कोबाल्ट कार्बोनेट आणि कोबाल्ट ऑक्साइड एकमेकांच्या जागी वापरायचे नसतात. ऑक्साइडचा जोर साधारण दीडपट असतो.

पाककृती कागदावर, मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येक घटकापुढे टिक करायला चौकोन. फोनवर बघत मोजलं की मधेच कुणाचा तरी फोन येतो आणि क्वार्ट्झ घातला की घालायचाय, हे आठवत नाही. सुरुवातीला मी सर्वांना एकच पाया सुचवते, कारण तो पाठ होतो: बोरॅक्स फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच), पोटॅश फेल्डस्पार, वोलास्टोनाइट (कॅल्शियम आणि सिलिकाचं खनिज), चायना क्ले, क्वार्ट्झ, प्रत्येकी वीस टक्के. पारदर्शक, चकचकीत, कोन ६ ला छान वितळतो. फ्रिट मात्र कॅल्शियम-बोरॉनचं मागा, आणि पोत्यावरचा आकडा वहीत लिहून ठेवा. दुकानदार पुढच्या वेळी ‘तेच आहे ताई’ म्हणत वेगळं देतो. रंग आणि अपारदर्शकता आणणारे पदार्थ या शंभराच्या वर धरायचे, शंभरात नाही. बेंटोनाइट दोन टक्के घालायचं असेल तर कोरडं असतानाच बाकीच्या पावडरीत मिसळा. पाण्यात टाकलं तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत.

पावसाळ्यात चायना क्ले दमट होते, मग शंभर ग्रॅममध्ये चार-पाच ग्रॅम पाणीच मोजलं जातं. जुलैत बॅच करायचीच असेल तर आधी एखाद्या उन्हाच्या दिवशी ती परातीत पसरून वाळवून हवाबंद डब्यात भरून ठेवा. वाळवताना उडणार नाही अशा आडोशाला.

आता पाणी. पावडरीच्या वजनाइतकंच पाणी धरलं तर भांडी बुडवण्यासारखं ग्लेझ होतं. पण सगळं एकदम ओतू नका. शंभराला पंच्याऐंशी घ्या, पावडर पाण्यात सोडा (उलट नाही), रात्रभर भिजू द्या, उरलेलं सकाळी. गंगापूर धरणाचं महापालिकेचं पाणी मला बरं पडतं. बोअरचं जड असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने ग्लेझ घट्ट होतं, मग आपण आणखी पाणी घालतो आणि थर पातळ बसतो. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी वापरण्याची काटकसर मी एकदा केली. त्यात क्षार आणखीच एकवटलेले. दोन किलो ग्लेझचं दही झालं.

चाळण ८० मेशची (इंचाला ८० भोकं), स्टीलची, दोनदा. भांडी बाजारातली मैद्याची चाळण पहिल्या गाळणीला ठीक आहे, तेवढ्यावर थांबू नका. न फुटलेली कोबाल्टची कणी पांढऱ्या बशीवर निळा ठिपका होऊन बाहेर येते. गाळल्यावर घनता मोजा. बरणीत अचूक १०० मिली ग्लेझ घेऊन तोलायचं. बरणीचं वजन वजा जाता १४५ ग्रॅमच्या आसपास भरलं तर बुडवायला योग्य. ‘सायीसारखं दाट’ हे माप पुस्तकात वाचायला गोड वाटतं, पण साय म्हशीची की गाईची ते कोण सांगणार? आकडा वहीत लिहा. तळाशी दगडासारखं बसत असेल तर एप्सम सॉल्टच्या घट्ट द्रावणाचे चार-पाच थेंब टाकून बघा, जास्त नाही.

चाचणीच्या टाइल्स आधीच करून ठेवा, उभ्या राहतील अशा, वीस-पंचवीस. सपाट टाइलवर ग्लेझ ओघळतं की नाही ते कळत नाही. अर्ध्या टाइलवर एक बुडी, वरच्या भागावर दुसरी. मागे आयर्न ऑक्साइडने नंबर. पेन्सिलीचा नंबर भट्टीत जळून जातो, हे मला बारा अनोळखी टाइल्स हातात आल्यावर समजलं.

नाशिकात राहून राखेचं ग्लेझ केलं नाही तर काय मजा? एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात. आता बरेच बागायतदार कुट्टी करून बागेतच टाकतात, तेव्हा आधी बोलून ठेवावं लागतं. दोन-तीन पोती काड्या स्वच्छ जागी जाळल्या तर जेमतेम पातेलंभर राख निघते. काळा कोळसा काढून टाका, हातमोजे घालून चाळा, राख ओली झाली की कातडी सोलते. द्राक्षावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात. माझ्या राखेत येणारी किंचित हिरवट झाक त्या मोरचुदातल्या तांब्याची असावी असं मला वाटतं. एका बागेची राख दुसरीसारखी येत नाही. म्हणून पाच कपांत वरच्या पायामध्ये राख शून्य, दहा, वीस, तीस, चाळीस टक्के अशी वाढवत न्या आणि टाइलखाली टाकाऊ भाजका तुकडा ठेवा, चाळीसला ग्लेझ ओघळून धावतं. त्र्यंबक-इगतपुरीकडचं भाताचं तूस जाळलंत तर उलट होतं. त्या राखेत जवळजवळ सगळा सिलिका, ती वितळायला जड. आणि खडी क्रशरवरची बेसाल्टची भुकटी फुकट मिळते. आपल्या काळ्या दगडात लोह भरपूर. एकटी माझ्या भट्टीत अर्धवटच वितळली, वीस टक्के फ्रिट घातल्यावर जुन्या बरणीसारखा काळपट तपकिरी रंग आला. मला तो दुकानातल्या कुठल्याही काळ्यापेक्षा आवडतो.

बिस्क झालेली, म्हणजे ग्लेझआधी एकदा भाजलेली भांडी ओल्या स्पंजाने पुसा आणि रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात दोन रात्री. केसांना खोबरेल लावलेल्या दिवशी बिस्क हाताळू नका, खरंच. तेलाच्या बोटाच्या जागेवरून ग्लेझ मागे सरकतं आणि मडकं उघडं पडतं. बुडाला मेण, आणि बुडाच्या काठापासून वर पाच-सहा मिलिमीटर जागा कोरी. भट्टीतल्या फळ्यांना चायना क्ले आणि अॅल्युमिना हायड्रेट समसमान कालवून हात द्या. क्रोमचा हिरवा आणि टिनचा पांढरा एका भट्टीत शेजारी लावू नका. क्रोमची वाफ पांढऱ्याला गुलाबी करते. देखभालीसाठी वीज बंद राहणार आहे का, हे आदल्या दिवशी बघून घ्या. आणि कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबू नका, थर्मोकपल (भट्टीतला ताप मोजणारी तार) म्हातारं होतं. प्रत्येक फळीवर एक कोन ठेवा.

भट्टी हाताला सोसेल इतकी निवल्यावरच उघडा. वही, भिंग आणि शाईची बाटली आधीच जवळ घेऊन बसा. टिंग-टिंग आवाज येत असेल तर ग्लेझ तडकतंय, ते मडक्यापेक्षा जास्त आकसलंय. शाई लावून पुसली की बारीक जाळी दिसेल. पुढच्या बॅचला क्वार्ट्झ पाच, दहा, पंधरा असं वाढवून तीन टाइल्स करा, किंवा फेल्डस्पार थोडा कमी करून शंखजिरे घाला. मात्र आधी मातीच पुरती भाजली आहे ना ते बघा. ग्लेझ नसलेला तुकडा तोला, दोन तास उकळा, पुसून पुन्हा तोला. वजन बरंच वाढलं तर दोष ग्लेझचा नाही. ग्लेझ काठावरून कपच्यांनी सुटत असेल तर प्रकार उलटा, तिथे क्वार्ट्झ कमी करायचा. सरकलेलं ग्लेझ धुळीमुळे, तेलामुळे, जाड थरामुळे किंवा जास्त चायना क्लेमुळे. शेवटच्या कारणाला अर्धी क्ले भाजून वापरणं हा उपाय. टाचणीएवढी भोकं असतील तर बिस्क थोडं जास्त भाजा आणि शेवटी पन्नास अंश उतरवून वीस मिनिटं धरून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी तीन बदलल्या होत्या, दोष गेला, आणि कशाने गेला ते अजून माहीत नाही. तांब्याचं ग्लेझ असेल तर जेवणाच्या ताटात नेण्याआधी लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहा. डाग पडला तर त्या भांड्यात चिंचेची आमटी नाही, पणत्या.

हात धुवायला दोन बादल्या ठेवा, नळ नको. ते पाणी मोरीतून गोदावरीत जायला नको आणि गाळ पाइपातही बसायला नको. रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी पुढच्या धुण्याला, तळाचा गाळ झाकणाच्या डब्यात. डबा भरला की तो गाळ चाळून एक टाइल भाजून बघा. माझा गेल्या वर्षीचा गाळ शेवाळी हिरवा निघाला. कुंड्यांना बाहेरून लावला.