बूस्ट कंट्रोलर बसवण्याआधी ॲक्च्युएटर तपासा

टर्बोचा बूस्ट (टर्बो इंजिनात भरतो त्या हवेचा दाब) वरखाली होतो किंवा हवा तेवढा मिळत नाही, म्हणून लोक थेट तो दाब ठरवणारा बूस्ट कंट्रोलर विकत घेतात. त्याआधी हातपंपाने वेस्टगेटचा (जादा एक्झॉस्ट टर्बोच्या बाजूने सोडून देणाऱ्या झडपेचा) ॲक्च्युएटर तपासावा, म्हणजे हवेच्या दाबाने रॉड ढकलून ती झडप उघडणारा, आत स्प्रिंग आणि पडदा असलेला डबा. प्रेशर गेज असलेला साधा हातपंप पुरतो.

१. इंजिन पूर्ण थंड असताना ॲक्च्युएटरवरचा बारीक रबरी पाइप काढा. त्याची दोन्ही टोकं वाकवून बघा; चिरा बहुतेक तिथेच पडतात.

२. पंप ॲक्च्युएटरला जोडून हळूहळू हवा भरा आणि रॉडकडे लक्ष ठेवा. रॉड हलायला लागेल तो आकडा टिपून घ्या. स्प्रिंगचा दाब साधारण तेवढाच, आणि कुठलाही कंट्रोलर बूस्ट त्याच्याखाली आणू शकत नाही.

३. रॉड हलल्यावर पंप थांबवा. काटा मिनिटभर जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर आतला पडदा फाटलाय. आधी जोडण्या घट्ट आहेत ना तेवढं बघा.

४. हवा सोडल्यावर रॉड अडखळत परत येत असेल तर वेस्टगेटचा फ्लॅप (आतली झडप) जाम होतोय.

हे सगळं ठीक निघालं आणि बूस्ट तरी कमीच, तर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपांचे सांधे तपासा. (व्हॅक्यूमवर किंवा मोटरवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरला ही पद्धत लागू नाही.)

एक मात्र सांभाळा: पाइप परत लावून क्लिप बसवल्याशिवाय गाडी चालवू नका. तो सुटा राहिला तर वेस्टगेट उघडतच नाही, बूस्ट चढत जातो आणि इंजिन जाऊ शकतं.