कर्करोग उपचारांच्या सरकारी निधीवरील वाद कसा तपासावा

निधी विक्रमी वाढवला, असे सत्ताधारी सांगतात. कपात झाली, असे विरोधक म्हणतात. अनेकदा दोघांचेही आकडे खरे असतात, म्हणून भाषणे बाजूला ठेवून अर्थसंकल्पाची मूळ कागदपत्रे उघडावीत आणि तरतूद, सुधारित अंदाज (वर्ष सुरू असताना बदललेली तरतूद) व प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून काढावेत. तरतूद 100 वरून 104 झाली आणि महागाई 6 टक्के असेल, तर ती वाढ नव्हे, घट आहे.

मग पैसा नेमका कशावर जाणार, हे पाहावे; माझ्या मते खरी मेख इथेच असते. किरणोपचाराचे यंत्र घेतल्याची घोषणा सोपी असते, परंतु जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, किरणांची मात्रा अचूक ठेवणारे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि वर्षानुवर्षांची देखभाल यांची सोय नसेल, तर यंत्र खोक्यातच पडून राहते आणि रुग्ण तारखेची वाट पाहत राहतो.

प्रतिबंधाचा हिशेबही मागावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी 2030 पर्यंतची उद्दिष्टे ठरवली: 90 टक्के मुलींना 15 वर्षांच्या आत एचपीव्ही या कर्करोगाला कारणीभूत विषाणूविरुद्धची लस, 70 टक्के स्त्रियांची तपासणी आणि निदान झालेल्या 90 टक्के स्त्रियांवर उपचार. यांसाठी स्वतंत्र रक्कम आहे का, हे लोकप्रतिनिधींना लेखी विचारावे.

‘रुग्ण अधिक काळ जगू लागले’ या दाव्यासोबत मृत्युदरही मागावा, कारण निदान लवकर झाले की मृत्यूची तारीख न बदलताही जगण्याचा काळ लांबलेला दिसतो.