कंपनीत ईआरपी येतंय? मग गो-लाइव्हच्या आधी एवढं करून ठेवा

ईआरपी म्हणजे स्टोअर, खरेदी, विक्री, अकाउंट्स सगळं एकाच जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि गो-लाइव्ह म्हणजे ते प्रत्यक्ष चालू होण्याचा दिवस. हे सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की मालक आधी डेमो बघतात, मग रेट पाडून घेतात आणि स्टोअरवाल्याला सांगतात अगदी शेवटच्या आठवड्यात. तिथेच घोळ होतो. म्हणून सगळ्यात आधी स्टोअर, डिस्पॅच आणि गेट या तीन ठिकाणी जाऊन बसा, कॉन्फरन्स रूममध्ये बोलावू नका, त्यांचं रजिस्टर उघडून बघा कारण कॉलमच्या बाहेर पेन्सिलने जे लिहिलेलं असतं ना, जॉबवर्कला म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला गेलेले पीस, शेजारच्या युनिटला उसना दिलेला माल, नेमकं तेच सिस्टिममध्ये घ्यायचं राहून जातं.

आता नोकरी जाणार का, हे कोणी तोंडावर विचारत नाही पण डोक्यात सगळ्यांच्या तेच असतं. याचं उत्तर मालकाने स्वतः सगळ्यांसमोर द्यावं, एचआरचा मेल नको, आणि माणसं कमी होणार असतील तर तेही स्पष्ट सांगावं, नाहीतर कॅन्टीनमध्ये त्याच्या दुप्पट आकडा फिरतो. शिफ्टच्या वेळा वगैरे बदलणार असाल तर कायद्याने 21 दिवस आधी नोटीस लागते, ते लेबर कन्सल्टंटला विचारून घ्या.

मग आयटम मास्टर, म्हणजे सिस्टिममधली सगळ्या मालाची यादी. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे ते ट्रेनीच्या गळ्यात मारतात, प्लीज नका मारू. एकच बोल्ट कुठे 'एम 8 बोल्ट', कुठे 'हेक्स बोल्ट 8', कुठे नुसतं '8 नंबर' म्हणून पडलेला असतो, आणि तो एकच आहे हे फक्त जुन्या स्टोअरकीपर काकांना माहीत असतं. त्यांना रोज दोन तास मोकळे करून द्या, त्यांच्या जागी दुसरा माणूस बसवा.

तारीख ठरवताना दिवाळीच्या आधीचे महिने सोडाच. 1999 साली अमेरिकेत हर्शी या चॉकलेट कंपनीने ऐन हॅलोविनच्या सीझनच्या तोंडावर नवीन सिस्टिम चालू केली, माल गोडाऊनमध्ये पडून होता आणि जवळपास 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर गेल्याच नाहीत. 1 एप्रिल कागदावर छान दिसतो पण अकाउंट्सवाले तेव्हा मार्च एंडमध्ये बुडालेले असतात, त्यामुळे माझं मत 1 जुलैला. आर्थिक वर्षाच्या मधेच बदलताय तर इनव्हॉइसची सिरीज वेगळी ठेवा, नंबर 16 कॅरेक्टरच्या आत बसवा, आणि टर्नओव्हर 5 कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस (जीएसटीसाठी सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आधी टेस्ट करून बघा, गाडी गेटवर उभी असताना नको.

जुनं रजिस्टर आणि नवीन सिस्टिम दोन्ही एक महिना चालू दे, त्याच्या पुढे नाही, नाहीतर लोक रजिस्टरवरच विश्वास ठेवतात आणि सिस्टिममध्ये संध्याकाळी एकदम एंट्र्या मारतात. आणि हो, व्हेंडरचा माणूस पहिले पंधरा दिवस सेकंड शिफ्टलाही हवा, हे पीओमध्येच (परचेस ऑर्डरमध्ये) लिहून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.