ड्रोनचे ऑटो मोड वापरताय? या चुका टाळा

नवा ड्रोन घेतलेल्या ओळखीच्या लोकांचे फोन येतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते. ‘घरी ये’ म्हणून बटण (रिटर्न टू होम, म्हणजेच आरटीएच) दाबलं, आणि तो भलत्याच ठिकाणी जाऊन आदळला. तपासायला घेतला तर ड्रोनमध्ये बिघाड काहीच सापडत नाही. आपण ‘घर’ आणि ‘उंची’ या शब्दांचा जो अर्थ धरून चालतो तो ड्रोनचा नसतो, घोळ तिथेच होतो. ड्रोनच्या लेखी घर म्हणजे उडताना जीपीएसने नोंदवलेला बिंदू, म्हणजेच होम पॉइंट. आणि उंची मोजायची ती त्याने जिथून उड्डाण केलं त्या जागेपासून. समोरचा डोंगर त्या आकड्यात कुठेच नसतो.

आरटीएचची उंची न बघणं

रिटर्न टू होमची उंची समजा ४० मीटर ठेवली आहे. तुम्ही पायथ्याशी उभे आहात, समोरची धार ७० मीटर उंच. धारेवरून ड्रोन पलीकडे नेलात आणि चांगल्या फ्रेमसाठी खाली उतरवलात. मध्ये कातळ आला, सिग्नल तुटला. ड्रोन आपला इमानाने ४० मीटरवर चढतो आणि तुमच्या दिशेने सरळ निघतो. वाटेत ७० मीटरचा कडा. डीजेआय मिनी २ सारख्या ड्रोनला फक्त खालच्या बाजूला सेन्सर असतात, समोरचा कडा त्याला कळतच नाही.

म्हणून उडवण्याआधी आजूबाजूला बघून घ्या. तुमच्या आणि ड्रोनच्या मध्ये येऊ शकेल अशी सगळ्यात उंच गोष्ट कोणती? झाड, टॉवर, धार, जे काही असेल त्याच्या वर निदान २० मीटर धरून आरटीएचची उंची लावा. ही सेटिंग प्रत्येक जागी बदलायची असते. आपल्याकडे ग्रीन झोनमध्येसुद्धा, म्हणजे जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही अशा भागातही, ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरची मर्यादा आहे. धार त्याहून उंच असेल तर तिच्या मागे ड्रोन न्यायचाच नाही, हा माझा नियम.

उलटी चूक माझ्याच हातून झाली आहे. आमराईत फांद्यांखालून हळूहळू पुढे सरकणारा शॉट घेत होतो. बॅटरी कमी झाल्याचा इशारा आला आणि घाईत आरटीएच दाबलं. ड्रोन आधी सरळ वर चढतो आणि मग परत फिरतो, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. वरच्या फांदीत शिरला. काढला तेव्हा एक पातं तुटलेलं होतं आणि जिम्बलची, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाची, दोन रबरं निखळून लोंबत होती. झाडाखाली, मंडपाखाली, पुलाखाली आरटीएच नको. आधी हाताने मोकळ्यावर आणा.

होम पॉइंट नोंदवला जाण्याआधी उडणं

उपग्रह पुरेसे मिळाले की होम पॉइंट नोंदवल्याची सूचना अॅप देतं. तोवर थांबा, आणि नकाशावर ती खूण खरंच तुमच्या पायाशी आहे का बघा. होडीतून उडवताना हे फारच महत्त्वाचं. होडी पुढे निघून जाते आणि घर मात्र खाडीच्या पाण्यातच राहतं. सेटिंगमध्ये जाऊन रिमोटची जागा नवा होम पॉइंट म्हणून नोंदवत राहायची, किंवा परतताना हातानेच आणायचं.

वाऱ्याचा हिशेब

कोकणात सूर्योदयाचे शॉट घेणारे इथे फसतात. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. जाताना ड्रोन झपकन पुढे जातो, बॅटरी छान टिकलेली दिसते. परतीला तोच वारा तोंडावर. मिनी २ नॉर्मल मोडमध्ये ताशी ३६ किलोमीटरच्या वर जात नाही. वर तेवढाच वारा असला तर आरटीएच चालू असूनही ड्रोन जागच्या जागी राहतो. अशा वेळी आरटीएच रद्द करा, उंची कमी करा, कारण खाली वारा सहसा मंद असतो, आणि स्पोर्ट मोड लावून हाताने आणा. त्यात ताशी ५७ किलोमीटरपर्यंत वेग मिळतो.

पण हे लक्षात असू द्या, की स्पोर्ट मोडमध्ये अडथळे टाळण्याची यंत्रणा बंद असते, आणि स्टिक सोडल्यावर ड्रोन थांबायला ३० मीटरपर्यंत अंतर घेऊ शकतो. किनाऱ्यावरची माडांची रांग त्याहून जवळ असते.

अॅक्टिव्ह ट्रॅक आणि क्विकशॉट्स

अॅक्टिव्ह ट्रॅक म्हणजे माणसाच्या मागे आपोआप उडणारा मोड. तो माणसाला चित्रावरून ओळखतो. सारख्या रंगाची जर्सी घातलेले चार सायकलस्वार दिसले की तो भलत्याच्या मागे लागू शकतो. शिवाय तुमच्या ड्रोनला कोणत्या बाजूंनी दिसतं ते पाहून ठेवा. मिनी ३ प्रोला पुढे, मागे आणि खाली सेन्सर आहेत, बाजूंना नाहीत. माणसाच्या समांतर उडवताना तो नेमका बाजूला सरकतो, आणि रस्त्याकडेचं झाड तिथेच असतं. विजेच्या तारा, बारीक काटक्या आणि संक्रांतीच्या दिवसांतला मांजा यांच्या बाबतीत कोणत्याच सेन्सरवर विसंबू नका.

क्विकशॉट्स म्हणजे ड्रोन आपोआप घेतो ते ठरावीक हालचालींचे शॉट. त्यातल्या बूमरँगला, म्हणजे माणसाभोवती लंबगोल फेरी मारणाऱ्या शॉटला, चारी बाजूंनी निदान ३० मीटर आणि वर १० मीटर मोकळी जागा लागते. अॅस्टरॉइडला, म्हणजे मागे आणि वर जात घेतलेल्या शॉटला, मागे ४० आणि वर ५०. घराच्या अंगणात ते होणार नाही.

जुना वेपॉइंट मार्ग नव्या जागेवरून

वेपॉइंट म्हणजे ड्रोनने ज्यांवरून जायचं ते आधी ठरवून दिलेले बिंदू. इथेही उंची उड्डाणाच्या जागेपासूनच धरली जाते. काल पठारावरून आखलेला मार्ग आज २० मीटर खालच्या वाडीतून चालवलात, तर सगळा मार्ग २० मीटर खाली येतो. काल झाडाच्या शेंड्यावरून गेलेला ड्रोन आज खोडाकडे जाईल. उडवायची जागा तीच ठेवा, आणि सिग्नल तुटल्यावर ड्रोनने काय करावं हे मार्ग आखतानाच ठरवा.

कोणताही मोड चालू असताना अंगठा रिमोटच्या पॉज बटणापाशी हवा. एकदा दाबलं की ड्रोन थांबून तरंगतो. तेच बटण दाबून धरलं तर काही रिमोटवर आरटीएच सुरू होतं, हा फरक मैदानावर चार-पाच वेळा करून बघा. वर्तुळात फिरणारा शॉट लावा आणि अर्ध्यावर थांबवा.